तीसपर्यंतचा क्लच

अवजारं फिरवणारा मागचा पीटीओ शाफ्ट आज फिरला नाही, तर बाबांमागे राहिलेला ट्रॅक्टर भंगारात जाणार होता. दादाने तो जोडायचा दांडा ओढला की आतून नुसतं करकरायचं. "ट्रॅक्टरची माया सोडा आता, ताई," मिस्त्री म्हणाला. तिने कडेवरचं बाळ दादाकडे दिलं, "लांब उभा राहा हं!" असं तीनदा बजावलं आणि ती सीटवर चढली. लहानपणी बाबा क्लच तळापर्यंत दाबून म्हणायचे, "मोज गं तीसपर्यंत." मगच दांडा ओढायचे. एकोणतीसला ती हमखास अडखळायची; तेही थांबायचे. आज तसाच क्लच दाबून ती मोजत राहिली. पोटरी थरथरली. तीस! दांडा अलगद सरकला, क्लच सोडताच शाफ्ट गरगरला. "घाई नडत होती दादांची!" मिस्त्री हसला. "पण तीस कशाला? आतली चक्रं थांबायला दहा पुरतात." म्हणजे वरचे वीस आकडे बाबा तो जड क्लच तिच्यासाठीच दाबून धरायचे.