अर्धी पट्टी खाली

"आणखी ढिली केलीस तर तार नाही, सुतळी वाजेल," मुका म्हणाला. दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा हा बास गिटारवाला आपणहून बोलला, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं होतं. सभागृहामागच्या खोलीत मिस्त्री गिटार मांडीवर घेऊन खुंट्या पिळत बसला होता. तारा सैल पडून लाकडावर खडखडत होत्या. कार्यक्रमाला तास उरला होता. तिकिटं सगळी खपली होती आणि बुलंद अजून यायचा होता.

बुलंद म्हणजे बँडचा गायक. हे नाव त्याला आवाजावरूनच पडलेलं. शेवटचं गाणं संपता संपता तो एक सूर असा वर न्यायचा, की लोक खुर्च्यांवर चढायचे. अकरा वर्षं त्या सुरासाठी गर्दी लोटली. मग एकदा भांडण झालं. कशावरून, तर पोस्टरवर कोणाचा फोटो मोठा यावरून! त्यात मिस्त्री बोलून गेला, "आवाज आहे म्हणून सहन करतो तुला, नाहीतर कुत्रं विचारणार नाही!" बुलंद उठला, जॅकेट घेतलं आणि गेला. त्यानंतर नऊ वर्षं बँड बंद.

ती नऊ वर्षं मिस्त्रीने लोकांचे फ्रिज दुरुस्त केले. गॅस भरायचा, कॉम्प्रेसर बदलायचा, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं. खातपीत होता म्हणून जिवंत म्हणायचं, एवढंच. शेवटी ड्रम वाजवणाऱ्या ढोल्याने सगळ्यांना फोन केले आणि आपल्या गाद्यांच्या दुकानामागच्या गोदामात तालीम ठेवली. गाद्यांच्या थप्प्यांत आवाज जिरायचा, शेजाऱ्यांची कटकट नाही, आणि दमलं की आडवं व्हायची सोय होतीच.

पहिल्याच दिवशी शेवटच्या सुराला बुलंदचा आवाज फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. तो एका गादीवर बसला आणि छताकडे बघत राहिला. ढोल्याने चहा मागवला. मिस्त्रीला पुढचं दिसायला लागलं. पुन्हा तेच फ्रिज, पुन्हा तीच भिंत.

दुसऱ्या दिवशी तो तासभर आधी आला आणि गिटारची पट्टी अर्ध्याने उतरवली. मुक्याच्या बासचीही उतरवली. गाणं तेच, फक्त जरासं खाली सरकलेलं, म्हणजे शेवटचा सूरही तेवढा उंच नाही. बुलंद आला, गायला, आणि सूर लागला की हो! मिस्त्रीने त्याला मिठीच मारली. "अरे, गंज चढला होता नुसता!" तो म्हणाला. बुलंद हसला. गाणाऱ्याला कुठे वाद्यातलं कळतंय, मिस्त्रीने मनाशी म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकलेली राहिली, पण आवाज खचतच गेला. दर महिन्याला पट्टी आणखी थोडी खाली. तशात पाच कार्यक्रम झाले. एके सकाळी मिस्त्रीची बायको म्हणाली, "अहो, आंघोळीला जाताना शिट्टी वाजवत होतात. नऊ वर्षांनी ऐकली." आता हे हातचं जाऊ द्यायचं? छे! मुका आणि ढोल्या मागे लागायचे, सांगून टाक त्याला एकदाचं. मिस्त्री म्हणायचा, सांगतो रे, पुढच्या वेळी. आज मात्र तारांना खाली जायला जागाच उरली नव्हती.

दार उघडून बुलंद आत आला. त्याने जॅकेट खुर्चीवर टाकलं.

"दे इकडे," तो म्हणाला आणि मिस्त्रीच्या मांडीवरून गिटार उचलली. आजवर त्याने कधी वाद्याला हात लावला नव्हता. त्याने कान तारेजवळ नेला आणि एकेक खुंटी चढवायला लागला. ना सूर जुळवायचं मशीन, ना कोणाला विचारणं. अकरा वर्षं शेजारी उभं राहून ऐकलेले सूर होते ते. सहाही तारा त्याने जुन्या जागी नेऊन बसवल्या.

"तुला माहीत होतं?" ढोल्याने विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी कळलं. मी कुठे गातोय ते माझ्या गळ्याला कळणार नाही होय रे?" बुलंदच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मग बोलला का नाहीस?"

बुलंदने गिटार मिस्त्रीला परत दिली. "वाट बघत होतो. तुमच्यातलं कोणीतरी म्हणेल, आवाज गेला तर गेला, तू येत जा. पाच महिने झाले. अजून बघतोय."

मुक्याने मिस्त्रीकडे बघितलं, ढोल्याने बघितलं. बुलंदही त्याच्याचकडे बघत होता. तीन तर शब्द होते. मिस्त्रीच्या ओठांपर्यंत ते आले होते, देवाशपथ आले होते. पण भिंतीपलीकडे लोक येऊन बसायला लागले होते, खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते, आणि मिस्त्रीचा कान तिकडे गेला.

"मग," तो म्हणाला, "आज गाणार कोण?"