वाचल्यापासून एक दिवस

फळीवरचा फोन वाजला आणि शुभंकरच्या हातातला चहा बशीत सांडला.

"घाबरतोस काय," नाजिमाखाला म्हणाल्या. "कंपनीचा मेसेज असेल. गेलेल्या माणसालाही ऑफर पाठवतात, लाज नाही त्यांना."

फोन रियाजचा होता. रियाजला जाऊन तीन महिने झाले, तरी त्याची आई, नाजिमाखाला, तो रोज चार्जिंगला लावायची. शुभंकर दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की शहराबाहेर मांजरीला असलेल्या आपल्या फ्लॅटवर न जाता थेट कसब्यात खालांकडे यायचा. खालांची औषधं आणायचा, गॅसचा नंबर लावायचा. मित्र असावा तर असा, असं गल्लीत सगळे म्हणायचे.

आजही तो आला तेव्हा खाला वहीत काहीतरी लिहीत होत्या. रियाजचं बायंडिंगचं दुकान होतं. उरलेल्या कागदांची ही जाडजूड वही त्यानेच शिवलेली. शुभंकरला बघताच त्यांनी ती मिटून मांडीखाली सरकवली. दुवा वगैरे लिहीत असतील, असं त्याला वाटलं.

"ते तुझं ॲप," खाला म्हणाल्या. "त्यातलं गेलेलं परत येतच नाही का रे?"

शुभंकरने मान खाली घातली. ते मेसेज पाठवायचं ॲप म्हणजे त्याचंच खूळ. शाळेतल्या चौघा मित्रांच्या मागे तो वर्षभर हात धुऊन लागला होता. आपलं बोलणं आपल्यातच राहिलं पाहिजे, म्हणे. "तू कोण असा लागून गेलास? तुझे गुड मॉर्निंग वाचायला कोण टपून बसलंय?" असं त्यातल्या उत्कर्षाने तोंडावर विचारलं होतं. तरी सगळ्यांनी एकदाचं घेतलं आणि महिन्याभरात सगळे जुन्या ग्रुपवर परतलेही. नातेवाईक, ऑफिस, दूधवाला, सगळं जग तिकडेच. राहिला एकटा रियाज. "मीही गेलो तर तिथे तू भिंतीशी बोलणार का?" म्हणाला होता.

त्याच्या फोनची सगळी सेटिंग शुभंकरनेच लावून दिली होती. मेसेज वाचल्यापासून एका दिवसात आपोआप पुसला जाणार. वाचला की नाही, हे पाठवणाऱ्याला कळणार नाही. फोन उघडायला सहा आकडी नंबर, तो कुणाला म्हणजे कुणाला सांगायचा नाही.

"नाही येत, खाला. स्क्रीनचा फोटोसुद्धा काढू देत नाही ते."

"छान. भांडी घासून ठेवावीत तसं."

अपघातानंतर पोलिसांकडून फोन घरी यायला आठवडा लागला होता. तोवर त्या संध्याकाळचं सगळं पुसून गेलं होतं.

त्या संध्याकाळी रियाज बांधलेले अहवाल पोचवायला मांजरीला गेला होता. परतताना उसाच्या शेतांमधल्या रस्त्यावर गाडी बंद पडली. अंधारलं तरी तो तिथेच रस्त्याच्या कडेला सव्वा तास उभा होता. मग उसाची ट्रॉली आली. चालकाला तो दिसलाच नाही.

"दोन बस गेल्या समोरून. तिथल्या रसवाल्याने सांगितलं," खाला म्हणाल्या. दर शुक्रवारी त्यांचं बोलणं इथवर यायचंच. "हात केला असता तर घरी आला असता. का थांबला असेल?"

"काय माहीत, खाला."

"तू तिथून जवळ राहतोस. तुला नाही ना कळवलं त्याने?"

"कळवलं असतं तर पळत गेलो नसतो का!"

त्याचा आवाज चिरकला. खालांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताने त्याला आणखीच कसंतरी झालं.

एक गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. तो अजून रियाजला लिहायचा. रोज, घरी जाताना, त्याच ॲपवर. नाही लिहिलं तर त्याला घास गिळवत नसे. पाठवलं की बरोबरच्या दोन खुणा यायच्या, मेसेज पोचला म्हणून. मग तो स्वतःला समजवायचा, फोन चालू आहे म्हणून येतात त्या. उघडणार कोण? नंबर रियाजबरोबर गेला.

खालांनी चहाची बशी बाजूला सरकवली.

"शुभंकर, आता शेवटचं विचारते. पुन्हा नाही विचारणार. माझा मुलगा तिथे का थांबला?"

"खरंच माहीत नाही, खाला. तुमची शपथ."

खालांनी हळूच मान हलवली. फळीवरून फोन काढला, पदराने पुसला आणि त्याच्यासमोर सहा आकडे दाबले. फोन उघडला.

"कुणाला सांगू नकोस म्हणाला होतास ना त्याला? पहिल्याच दिवशी येऊन मला सांगितला. आई म्हणजे काय कुणी असते?"

शुभंकरने फोन घ्यायला हात पुढे केला.

"एका दिवसात पुसलं जातं, फोटो निघत नाही. म्हणून उतरवून ठेवते," असं म्हणत त्यांनी मांडीखालची वही काढून त्याच्या हातात दिली.

पानामागून पान भरलं होतं. पहिल्या पानावर, खालांच्या गोल, सावकाश अक्षरात लिहिलं होतं: 'रियाज, थांब तिथेच, दहा मिनिटांत पोचतो, असं तुला कळवलं आणि मी मॅच बघत लोळत राहिलो. तू खरंच थांबशील असं वाटलं नव्हतं रे.'