तीन नंबरची डिस्क

नव्या माणसाने तीन नंबरच्या डिस्कची कडी उघडली. आता नुसती ओढायची होती.

ताई मागे उभी होती. हॉस्पिटलचा हा सर्व्हर तिने अकरा वर्षं सांभाळला. साहेबांनी तिला तोंडावर सांगितलं होतं, "हा एकट्याने डिस्क बदलून दाखवेल, त्या दिवशी तुम्ही मोकळ्या." नवा माणूस स्वस्तात मिळाला होता, बाकी काही साहेबांनी बघितलं नव्हतं. ताईच्या घरी कमावणारी ती एकटीच. साहेब काचेपलीकडून बघत होते. त्यांना स्वतःला डिस्क कुठली आणि पंखा कुठला, तेही सांगता आलं नसतं.

मशीन चालूच होतं. ते बंद करता येत नाही, वर वॉर्ड भरलेले असतात. आधी सिस्टिमला सांगायचं, ही डिस्क सोड. सिस्टिमने सोडली की जुनी ओढायची, नवी सरकवायची. ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम नवीला ओळखतो, मग बाकीच्या डिस्कवरच्या माहितीवरून नवी भरत जाते. सहा डिस्कमधली एक गेली तर निभावतं. दुसरी गेली की सगळ्या पेशंटचे रिपोर्ट गेले.

स्क्रीनवर 'डिस्क ३ खराब' असं होतं. त्याने सिस्टिमकडून तीनच सोडवून घेतली. इथवर बरोबर. पण सिस्टिम शून्यापासून मोजते आणि मशीनवरचे स्टिकर एकपासून. खराब डिस्क चारच्या स्टिकरमागे होती. खराब डिस्क दाखवणारे खुणेचे दिवे केव्हाच मेलेले.

ताई गप्प बसली असती तर नवा हाकलला गेला असता आणि ती राहिली असती.

तिने त्याचं मनगट धरलं.

"अरे बाबा, चौथी काढ! ही चांगली आहे!"

त्याने कडी लावली, चौथी ओढली, नवी सरकवली. नवी डिस्क भरायला लागली.

साहेब आत आले. "काय, जमलं एकट्याला?"

नव्या माणसाने नुसती होकारार्थी मान हलवली असती तरी ताईचा निकाल लागला असता.

"नाही साहेब. यांनी हात धरला म्हणून वाचलो."

"एक डिस्क बदलता येत नाही? ताई, याला अजून महिनाभर शिकवा." साहेब तणतणत गेले.

"शून्यापासून मोजायचं, एवढंच तर आहे," ताई म्हणाली. "पुढच्या वेळी जमेल तुला."

नव्या माणसाने कपाळ पुसलं.

"नाही जमणार, ताई. साहेब समोर असले, की मला मोजताच येत नाही."