पटावरचं नाव

ठमा आजही शाळेच्या दारात अडून बसली.

"चल की गं," गोजर म्हणाली. तिच्या कडेवर धाकटा, दुसऱ्या हातात ठमाचं मनगट. घरून निघताना तिनंच ठमाची वेणी घातली होती, पाटी पुसून दिली होती.

समोरच्या ओट्यावरून आक्काबाई हसल्या. "येवढी ओढून नेतीस, तिला काय मामलेदारीण करनार व्हय गं?"

"व्हय, आक्का. मग पयला सलाम तुमीच ठोका."

इंदापूरच्या धर्मशाळेत ही दुपारची शाळा भरायची. लीलाबाई बारामतीहून आलेल्या, कडक शिस्तीच्या. फळ्यावरचं अक्षर दाखवायला त्यांनी रूळ उचलला, की ठमा दोन्ही हात काखेत घालायची. रागावलं तर उठून पळायची. बाकीच्या फिदीफिदी हसायच्या.

त्या दिवशी बाईंनी गोजरला बाजूला घेतलं.

"महिना झाला, हिनं पाटीला बोट लावलेलं नाही. इतका हट्ट? पुढच्या सोमवारी शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला येणार. तेव्हाही असंच केलं, तर पटावरून नाव काढावं लागेल."

गोजरला ठाऊक होतं. एकदा नाव गेलं, की ठमा पुन्हा शाळेचं तोंड बघणार नव्हती.

"हट्ट न्हाय, बाई. भ्या हाय." गोजरनं आवाज खाली आणला. "सात वर्सांची हुती. भावाची पाटी घिऊन रेघोट्या मारल्या. पोरीनं अक्षर काढलं की घर बुडतं, म्हनून तिच्या आबानं तापल्या सांडशीनं बोटं डागली. तुमी रूळ उचलला की तिला सांडशीच दिसती."

लीलाबाईंनी उठून रूळ फडताळात ठेवून दिला.

"घरी कशावर तरी रेघ ओढते का ती?"

"जात्याभवतीच्या पिठात. कुनी बघत नसलं की."

दुसऱ्या दिवशी बाईंनी परातीत राख पसरली आणि ठमाशेजारी जमिनीवर मांडी घातली. तिच्या नावातलं एक अक्षर काढलं, हात मागं घेतला, नि वाट बघितली. त्या दिवशी काही नाही. पुढच्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी काखेतून एक हात निघाला.

सोमवारी दिपोटीसाहेब आले. ठमानं पाटी मांडीवर घेतली. पेन्सिल घट्ट धरली. वेडंवाकडं का होईना, आपलं नाव तिनं पुरं लिहिलं. खिडकीबाहेर गोजरला रडूही येत होतं आणि साऱ्या इंदापुराला हाका मारून दाखवावंसंही वाटत होतं.

"साहेब, कौतुक करायचं तर तिचं करा," लीलाबाईंनी खिडकीकडं बोट केलं. "रोज हाताला धरून आणते."

साहेब बाहेर आले, गोजरपुढं वाकले. "शाबास! तू स्वतः काही शिकतेस का गं?"

"मराठी दुसरीत हाय, साहेब. सकाळच्या शाळंत. पयला नंबर."

"आणि ही तुझी कोण?"

गोजर ताठ उभी राहिली.

"माजी आय."