धुऱ्याले फुटले पाय

फावडं सापडेना, म्हणून श्रावण गोठ्यात आदळआपट करत होता. शेजारच्या चंदननं रातोरात दोघांच्या शेतांमधला सामाईक धुरा कोरून हातभर श्रावणच्या धानाच्या बांधीत सरकवला होता.

गुणाबाई तणसाच्या ढिगाला टेकून बसली होती. "मागच्या साली त्याचं डोस्कं फोडलं. काय झालं? तुम्हीच जाऊन ठाण्यात बसले."

"मंग काय बांगड्या भरू?" नवरा गरजला.

"भरा ना. माह्या हाताले कुठी जड झाल्या?"

फावडं तिच्या पाठीमागं, तणसात होतं.

त्या दिवशी धानाचं रोवणं चंदनच्याच बांधीत होतं. गावच्या बाया एकमेकींकडे रोवायला जात. घरच्या पुरुषांचं भांडण असो, पाळी चुकवत नसत. गुणाबाई ओळीत वाकली ती चंदनच्या बायकोला, मयुरीला लागून. चंदन धुऱ्यावरून पऱ्ह्याच्या, धानाच्या कोवळ्या रोपांच्या पेंढ्या फेकत होता. दोन ओळी झाल्या, आणि गुणाबाईनं मधाळ आवाज लावला:

"धुऱ्याले फुटले पाय गं बाई, धुरा राती चाले,
मालक म्हणे मी निजलो होतो, धुरा कसा हाले?"

वीस गळ्यांनी ओळ उचलली. मयुरीनंही उचलली, खुदखुदत. दुसऱ्या फेरीला तिची नजर धुऱ्याच्या ओल्या मातीवर गेली आणि तिचा आवाज चिखलात रुतला. नव्या नवरीचा यात काय दोष! गुणाबाईला ते कळत होतं. तिनं सूर आणखी वर नेला.

चंदननं हातातली पेंढी आपटली. "बंद करा ते गाणं!"

"काऊन, चंदनभाऊ? तुमचं नाव कुठी आलं त्यात?"

अख्खी ओळ कंबर धरून हसली.

दुपारी बोअरिंगवर पाणी भरणारी पोरं तेच गाणं म्हणत होती. शिदोऱ्या सुटायच्या आत चंदन स्वतः फावडं घेऊन आला. मान खाली घालून त्यानं धुरा जुन्या खुणेच्या दगडापर्यंत मागं नेला. मयुरी वाकून रोवत राहिली. तिनं वर पाहिलं नाही.

श्रावण पलीकडून सगळं बघत होता. घरी परतताना तो बायकोच्या दोन पावलं मागंच चालला. गोठ्यात तिनं तणसातून फावडं ओढून त्याच्या हाती दिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं.

"गुणा," त्यानं हळूच विचारलं, "हे गाणं तू जुळवलं कवा?"

"तुम्ही फावडं ढुंढून राह्यले होते ना, तवा."