खोक्यातला चौथा

वालीवच्या सात नंबरच्या गाळ्यात युजीन सकाळपासून दवाखान्यांच्या डेटाबेसला नवे सर्व्हर जोडत होता. घाई करायची नाही, एका सर्व्हरनं आपल्या वाट्याच्या पेशंटांच्या नोंदी उचलल्या की मगच पुढचा, हा त्याचा शिरस्ता.

दुपारी तिसरा जोडून तो डबा खाऊन आला, तर स्क्रीनवर जोडलेल्यांच्या यादीत चौथाही होता. चाळीस हजार पेशंटांच्या नोंदी गिळून बसला होता.

"स्टेफी, मला न विचारता चौथा जोडलास?" त्यानं आपल्या मदतनीस मुलीला विचारलं.

"नाही सर. तो बघा, अजून खोक्यातच आहे."

खोक्याची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. स्टेफीनं वर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "सर, गरम लागतंय."

युजीन कीबोर्डकडे धावला. त्यानं चौथ्याला काढायची कमांड दिली. निघणारा सर्व्हर घेतलेलं सगळं आधी जुन्यांना परत करतो. परतीचा आकडा चढत चढत चाळीस हजारांवर आला आणि थांबला नाही. एक्केचाळीस हजार झाले, बेचाळीस झाले.

युजीननं त्या जादा नोंदींतली एक उघडली, मग दुसरी, मग तिसरी. नावं अनोळखी होती. पत्ता मात्र सगळ्यांचा एकच होता: गाळा नंबर सात, वालीव.