काठीचं काम

डॉक्टरांचा हुकूम असा, की आजोबांनी हृदयासाठी, साखरेसाठी भरभर चालायचं आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजींनी काठी टेकत हळूहळू. बागेत आजोबा तरातरा पुढे निघायचे, पण बायको दिसेनाशी झाली की जीव खालीवर व्हायचा, “आहेस ना गं?” म्हणत माघारी यायचे, पुन्हा सुटायचे. आज दवाखान्यात ते औषधं आणायला गेले असताना डॉक्टरांनी आजींचा गुडघा वाकवून पाहिला. “ठणठणीत! काठी सोडा, आता त्यांच्या बरोबरीनं चाला. आणि त्यांची साखरही छान उतरलीय. एवढं कधीपासून चालतात?” आजी गालातल्या गालात हसल्या. “मी मागे राहते म्हणून दुप्पट चालणं होतं त्यांचं.” तेवढ्यात दारातून आजोबा डोकावले, “काय म्हणतोय गुडघा?” आजींनी झटकन काठी उचलली. “कुरकुरतोय अजून.” डॉक्टरांनी हसू दाबलं. “असू दे गं,” आजोबा म्हणाले, “मी येईन की माघारी!”